नववीचं एक वर्ष

सत्यवती मॅडमनी मला सांगितलं होतं. हे मी आजपर्यंत कुणाला बोललो नाही. बायकोला नाही, लातूरच्या मेव्हण्याला नाही आणि जिला पहिल्यांदा सांगायला हवं होतं त्या माझ्या मुलीला, प्रणिताला, तर नाहीच नाही. सत्यवती मॅडम म्हणजे नारायणगुड्यातल्या तिच्या शाळेच्या ऑफिसातल्या कारकून. प्रणिताची आठवी संपली आणि मी दाखला काढायला गेलो, तेव्हा त्या बाईंनी खिडकीतून मला थांबवलं होतं. चार वर्षांनी मेडिकलच्या प्रवेशाला सरकारी कागदावर जो शब्द वाचून आमच्या घरानं आकांत केला, तो मी त्या खिडकीवर ऐकून घेऊन आलो होतो.

आता पुन्हा आषाढ आला आहे. आषाढात हैदराबादेत देवीचे बोनालू निघतात. बायकांच्या डोक्यावर हळदीनं माखलेले घट, घटाला कडुलिंबाचे डहाळे, वर दिवा आणि पुढं डप्पू ढोलाचा ताल. त्याच दिवसांत कोचिंग क्लासच्या दिलसुखनगरला दुसरी एक मिरवणूक निघते, फक्त ती जागची हलत नाही. दुकानांच्या माथ्यावर, बसस्टॉपच्या मागं, जिथं जागा मिळेल तिथं मुलांचे चेहरे लागतात. पासपोर्टचा फोटो दाराएवढा मोठा केलेला, खाली रँक. कुणाचा टाय वाकडा, कुणाच्या कपाळावर घाम तसाच छापलेला. मला त्या लेकरांचा राग नाही. ज्यांनी त्यांचे चेहरे दुधाच्या पिशव्यांसारखे ओळीनं मांडले, त्यांचा आहे. आणि त्या बॅनरखालून जी हजारो पोरं मान खाली घालून चालतात, त्यांचा फोटो कुणी काढत नाही, याचाही आहे. माझी मुलगी वर्षभर त्या बॅनरखालून गेली.

गेल्या रविवारी शेजारच्या देशपांड्यांनी मला एक साधा प्रश्न विचारला. त्या प्रश्नामुळं हे लिहायला बसलो आहे. त्याच्याकडं येईनच, पण आधी लग्नातलं पाणी सांगतो.

आमची इथं तिसरी पिढी. आजोबा औशाकडून आले, तेव्हा औसाही हैदराबाद राज्यातच होतं. आजोबा एका गावाहून दुसऱ्या गावी आले एवढंच, नंतर मधे रेघ ओढली ती दुसऱ्यांनी. अफझलगंजला आमचं वजनकाट्यांचं दुकान आहे. काटे विकायचे, दुरुस्त करायचे, शिक्का मारून आणायचे. गिऱ्हाइकाशी दखनी, नोकराशी तेलुगू, घरात मराठी, आणि ती मराठीसुद्धा अशी की पुण्याच्या माणसानं ऐकली तर आधी हसावं आणि मग पाहुणा समजून सांभाळून घ्यावं. आम्ही ‘हो’ म्हणत नाही, ‘हौ’ म्हणतो. ‘पाहिजे’ म्हणत नाही, ‘होना’ म्हणतो. भूक लागली की पोरं म्हणतात, खायला होना.

लातूरला मेव्हण्याच्या घरचं लग्न होतं. प्रणिता तेव्हा सातवीत. भर दुपारी मांडवात ती तिच्या मामीपुढं जाऊन म्हणाली, “मामी, मला पानी होना.”

मामीच्या हातात लाडवांचं ताट. ती तशीच थांबली आणि चार बायकांकडं वळून म्हणाली, “ऐकलं का? पानी होना म्हणे. काय होना गं, लग्न होना का तुझं?”

“हैदराबादची बेगम हाय बाई ती,” दुसरी म्हणाली. “सरबत द्या तिला, वाळ्याचं.”

बायका हसल्या. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, लग्नातलं हसणं होतं. मीही हसलो, तेच मला लागून राहिलं आहे. पोरगी माझ्याकडं बघत होती आणि मी इतरांच्या बाजूनं हसलो. ती पाणी न पिता परत फिरली. पंगतीत मेव्हणा माझ्या शेजारी बसला होता. “दाजी,” तो म्हणाला, “पोरगी लई हुशार हाय. इथं ठिवा माझ्याकडं. डॉक्टर बी व्हईल आन् माणसावानी बोलंल बी.”

माणसावानी. हा शब्द माझ्या मनात डॉक्टरच्या आधी जाऊन बसला. तिनं डॉक्टर व्हावं ही घरातल्या सगळ्यांची इच्छा होती, तिची स्वतःचीही. चौथीत असताना तिनं दुकानातला जुना काटा मागून घेतला होता आणि त्यात बाहुल्यांचं वजन करून चिठ्ठ्या लिहायची, ‘जेवण वाढवा.’ पण तिनं लातूरला जावं ही इच्छा माझी एकट्याची होती. आमच्यासारख्या घरांना हा रोग असतो. इथं शंभर वर्षं राहून, इथलं खाऊन, इथल्या तीन भाषांत भांडून आम्ही मनातल्या मनात पलीकडच्या कुणाकडून तरी पास होण्याची वाट बघत असतो. माझ्या मुलीला मी डॉक्टरकीच्या नावाखाली मराठीच्या परीक्षेला बसवलं.

तर ती खिडकी. एप्रिलची दुपार, पंखा गरगरत होता आणि मॅडमच्या टेबलावरच्या कागदांवर आमच्याच दुकानातलं अर्ध्या किलोचं वजन ठेवलेलं होतं. डब्यातल्या गोंगुऱ्याचा, म्हणजे अंबाडीच्या भाजीचा, आंबट वास येत होता. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा वर केला.

“डॉक्टरी का सोच रहे ना साब, बच्ची का?”

“हौ.”

“फिर काय को जल्दी करते?” त्यांनी डाव्या हाताची बोटं मिटत मोजायला सुरुवात केली. “छठी, सातवीं, आठवीं. तीन हुए. सात साल में चार होना. चार नै हुए तो बच्ची लोकल नै होती, सीट के टाइम नॉन-लोकल बोलते. नौवीं यहाँ होने दो. फिर लातूर ले जाओ, लंदन ले जाओ.”

“देखेंगे मॅडम.”

“देखना नै साब, सोचना.”

चार होना. ज्या शब्दाची मला लाज वाटत होती त्याच शब्दात ती बाई माझ्या मुलीचं आयुष्य सांगत होती, आणि मी घड्याळ बघत होतो. लातूरच्या शाळेत जागा ठरली होती, मेव्हण्यानं शब्द टाकला होता, मी अफझलगंजच्या सगळ्या गल्लीला सांगून बसलो होतो. पण खरं कारण याहून खालच्या दर्जाचं आहे. मला वाटलं, लोकल वगैरे ती मागं पडणाऱ्या पोरांची कुबडी. माझ्या पोरीला इतके मार्क पडतील की तिला कुठली होतीस म्हणून कोण विचारणार? सत्यवती मॅडमची तीन बोटं मिटलेली होती आणि चौथं उघडं होतं. मी त्या बोटाला नमस्कार केला आणि दाखला घेऊन बाहेर पडलो.

लातूरला पोरं तिला ‘बिर्याणी’ म्हणत. फोनवर ती हे हसत हसत सांगायची. दोन-तीन महिन्यांत ती ‘पाहिजे’ म्हणायला लागली. मग ‘आहे ना’, मग ‘बरं का’. मी फोन ठेवून बायकोला म्हणायचो, “ऐकलंस का, कशी बोलती पोरगी.” उज्ज्वला, माझी बायको, तिकडचीच. ती म्हणाली, “बोलती छान. पण आता ती फोनवर गप्पा मारत नाही, उत्तरं देती. तुम्हाला कळलं नसंल.”

मग कोरोना आला आणि नववी संपता संपता पोरगी घरी आली ती दीड वर्ष परत गेली नाही. अख्खी दहावी तिनं नारायणगुड्याच्या आमच्या पुढच्या खोलीत केली. मोबाइल उभा राहावा म्हणून मी दुकानातलं एक किलोचं वजन आणून दिलं होतं. त्याला टेकून लातूरचे सर बोलायचे आणि खालून भाजीवाला ‘टमाटे, टमाटे’ ओरडत जायचा. सरांनी एकदा विचारलं, कुठल्या बाजारात बसलीस गं? पुढं जेव्हा नियमानं विचारलं की ही मुलगी दहावीला कुठं होती, तेव्हा कागदानं उत्तर दिलं, लातूर. ती माझ्या डोळ्यांसमोर जेवत होती, माझ्या गच्चीवर कपडे वाळत घालत होती, गल्लीतल्या मांजरीला दूध देत होती, आणि कागद म्हणत होता की ती इथं नव्हतीच. मला अजून याचा संताप येतो. शरीर नारायणगुड्यात, पट लातुरात, आणि सरकारला शरीराशी काही देणंघेणं नाही.

बारावीनंतरच्या जूनमध्ये मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा निकाल आला. मार्क कमी पडले. अगदीच कमी असं नाही, पण ज्या उंचीवर पोचल्यावर कुणी काही विचारत नाही असं मी धरून चाललो होतो, त्याच्या बरेच खाली. प्रणितानं उत्तरांचा कागद तीनदा ताडून पाहिला. मग मोबाइल उलटा ठेवला आणि म्हणाली, “इथल्या कोट्यात मिळू शकतं बाबा. मागच्या वर्षी याच्या आसपास मिळालंय.”

मी काही बोललो नाही. बोलायची ती वेळ होती.

या सगळ्या प्रकाराला काउन्सेलिंग म्हणतात, हा विनोद मला कधी पचला नाही. काउन्सेलिंग म्हणजे सल्ला देणं. दोन महिने आम्ही रांगेत उभे राहिलो, खिडक्या बदलल्या, झेरॉक्सच्या झेरॉक्स काढल्या, सल्ला कुणीही दिला नाही. फोन मात्र रोज यायचे. “सर, फिलिपाइन्सला पाठवता का? जॉर्जियाला? तिथं इंडियन मेस आहे सर.” हे लोक माझ्या मुलीचं नाव मला विचारायच्या आत सांगायचे. नंबर त्यांना कुणी दिला, देव जाणे. सल्ला मला आयुष्यात एकाच खिडकीवर मिळाला होता, न मागता.

कागदपत्रं तपासायच्या दिवशी आम्ही दोघं गेलो. प्लास्टिकच्या खुर्च्या, मांडीवर फायली, बोनालूची सुट्टी नुकतीच संपलेली म्हणून कुणाकुणाच्या कपाळावर हळद. टेबलामागचे अधिकारी वयस्कर होते, थकलेले होते, वाईट अजिबात नव्हते. त्यांनी बोट ठेवत एकेक इयत्ता वाचली आणि म्हणाले, “नॉन-लोकल, अम्मा.”

प्रणिता हसली. तिला वाटलं, चूक झाली. “नेनु इक्कडे पुट्टानु, सार,” ती म्हणाली. मी इथंच जन्मले.

“पुट्टडं कादम्मा,” ते मान हलवून म्हणाले, “चदवडं.” जन्म नाही गं, शिक्षण.

महाराष्ट्राचं दार आम्ही अगोदरच ठोठावलं होतं. तिथं दहावी-बारावी तिथली चालली, पण अधिवासाचा दाखला मागितला आणि अधिवास हैदराबादचा. म्हणजे तिथं ती इथली आणि इथं ती तिथली. उरल्या सगळ्यांसाठी मोकळ्या असलेल्या थोड्याशा जागा, तिथं तिच्या मार्कांना कोण विचारतो? इतकी वर्षं काट्यांच्या धंद्यात काढली. वजन तेच राहून गिऱ्हाईक बदललं की काटा बदलतो, अशा दुकानाला आमच्याकडं सील लागतं.

मी टेबलावर हात आपटला. ओरडलो. तीन पिढ्या काढल्या, आजोबांची राख मुसी नदीत आहे, असं काहीतरी बोललो. माझा आवाज इतका मोठा आहे हे मला माहीत नव्हतं, दुकानात मी दिवसाला वीस वाक्यं बोलणारा माणूस. लोक जमले. एका बाईनं पाण्याची बाटली पुढं केली. एक तेलंगी बाप माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, “बरोबर बोलले अण्णा, मुलांना काय माहीत असतं हे?” प्रणितानं माझा दंड धरला होता. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि अभिमानही होता. बाप आपल्यासाठी भांडतोय.

तो राग खोटा नव्हता, हे मला सांगायचं आहे. खोटा असता तर सोपं होतं. मला नियमाचा खरोखर संताप होता, आजही आहे. मुलाचं गाव त्याच्या शाळेच्या हजेरीपटावरून ठरवणं मला आजही मान्य नाही. इथल्या जागा इथल्या मुलांना मिळाव्यात हे मला समजतं. पण इथलं कोण, हे बोटं मोजून ठरतं? एवढं सगळं खरं असूनही मी त्या रागाच्या आड उभा होतो. माणूस खऱ्या गोष्टीमागं जितका छान लपतो तितका खोट्यामागं लपत नाही.

नंतर आम्हा नॉन-लोकल आई-बापांचा एक ग्रुप झाला. अर्ज लिहिले, कचेऱ्यांत गेलो, वकिलाकडं बसलो. बोलायला सगळे मला पुढं करायचे. त्यातल्या प्रत्येकाला नियम कागदावर पाहून धक्का बसला होता. कुणाची बदली झाली होती, कुणी आजीपाशी मुलगा ठेवला होता. ते म्हणायचे, आम्हाला कुणी सांगितलंच नाही. मीही त्यांच्या सुरात म्हणायचो, कुणी सांगितलंच नाही. आणि मला दर वेळी गोंगुऱ्याचा वास यायचा.

ऑगस्टमध्ये सौजन्या मिठाईचा डबा घेऊन आली. आठवीपर्यंत प्रणिताच्या बाकावर बसलेली, नववीला शाळा न बदललेली मुलगी. तिला जिल्ह्याच्या गावी सरकारी कॉलेज मिळालं होतं. दोघी मिठी मारून नाचल्या, खरंच नाचल्या. ती गेल्यावर प्रणितानं डबा ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, “तिला माझ्याहून कमी आहेत, बाबा.”

तो क्षण मला परत मिळाला होता. जूनमधला गेला होता, हा दुसरा. आणि मी काय बोललो ते अक्षर न अक्षर लिहितो. मी म्हणालो, “मार्क असते तर लोकल-नॉनलोकल बघायची वेळच आली नसती.”

उज्ज्वला स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, काय बोलताय?”

प्रणिता म्हणाली, “हौ बाबा.”

चार वर्षांनी तिच्या तोंडून पुन्हा ‘हौ’ आलं. त्या एका वाक्यावर तिनं पुढचं वर्ष काढलं. परीक्षा पुन्हा द्यायची, त्याला इथं लाँग टर्म म्हणतात. जन्मठेपेलाही शोभेल असं नाव आहे. रोज दिलसुखनगर, रोज ते बॅनर. माझं म्हणणं तिनं खरं धरलं होतं: नियम वाईट आहे, पण दोष मार्कांचा, म्हणजे आपला. दुसऱ्या वर्षी मार्क आणखी खाली गेले. त्या दिवशी ती फार शांत होती. “मला वाटतं मी तेवढी नाहीये,” ती म्हणाली, आणि हे तिनं लातूरच्या स्वच्छ मराठीत सांगितलं.

आता ती रक्त-लघवी तपासणीच्या पदवीला आहे, दुसरं वर्ष. वाईट काम नाही, आणि ती ते मन लावून करते. सुरुवातीला सरावाला माझाच हात घेतला. खिडकीपाशी बसवून दंडाला रबर बांधलं. “मूठ आवळा बाबा.” मग बोटानं चाचपत म्हणाली, “तुमची नस लपती हो. सापडतच नाही.” तिसऱ्यांदा टोचल्यावर सापडली. मी हूं की चूं केलं नाही. तिला वाटलं, बाबा सोशिक आहेत.

तर गेल्या रविवारची गोष्ट. शेजारचे देशपांडे पुण्याचे, आयटीत आहेत, पाच-सहा वर्षांपासून इथं. मुलगा दहावी झाला. सकाळी चहाला आले आणि म्हणाले, “जाधवसाहेब, तुम्हाला अनुभव आहे म्हणून विचारतो. लातूरला पाठवावं का हो चिरंजीवांना अकरावीसाठी? तिथलं वातावरण अभ्यासाचं आहे म्हणतात.”

मी कप खाली ठेवला. “पाठवू नका. लोकल जाईल त्याचं. आता तर नियम आणखी आवळलाय, बारावीपर्यंतची शेवटची वर्षं सलग इथं लागतात. आधी शाळेच्या ऑफिसात जाऊन विचारा. खिडकीवरच्या बाईंना विचारा, त्यांना सगळं माहीत असतं.”

“अरे बापरे,” देशपांडे म्हणाले. “हे कुणी सांगतच नाही हो. वाचवलंत तुम्ही.”

ते गेले. प्रणिता आतल्या दारात उभी होती, हातात इस्त्रीचा पांढरा कोट. तिनं सगळं ऐकलं होतं.

“खिडकीवरच्या बाई म्हणजे सत्यवती मॅडम?” तिनं विचारलं.

“कुणी पण. असंच म्हणालो.”

ती थोडा वेळ कोटाची घडी सारखी करत राहिली. मग म्हणाली, “बाबा, तुम्हाला हे कधी कळलं होतं? आधी का नंतर? मी भांडणार नाही. नुसतं खरं होना मला.”

मांडवातलं तेच पोर पुन्हा समोर उभं होतं आणि काहीतरी मागत होतं.

“नंतर,” मी म्हणालो.

तिनं मान हलवली, चपला घातल्या आणि रविवारच्या ड्युटीला लॅबला गेली. तिला पटलं की नाही, मला कळलं नाही. जिन्यावरून तिची पावलं नेहमीसारखीच वाजली.

लातूरनं तिला एक गोष्ट दिली खरी. आमच्या गल्लीतली तिच्या वयाची पोरं मराठी पाटी वाचतानाही अडखळतात, ती मात्र हे सगळं सरळ वाचू शकेल. म्हणून लिहून हातात ठेवावं, असं मनात येतं. पण तिनं मला समोर उभं राहून विचारलं होतं, उत्तरही तसंच द्यायला हवं. नियमाला मी पुष्कळ शिव्या दिल्या, अजून देईन. पण मी तिचं जे देणं लागतो त्यात नियमाचा काही वाटा नाही. तिचे मार्क तिच्या गावाला पुरेसे होते आणि गाव मी काढून घेतलं. तिला मी एक शब्द देणं लागतो, आणि तो अजून दिलेला नाही: आधी.